वरच्या गावातले बाबा

गुरुनाथ निखाडेचे वडील नागपुरात वारले तेव्हा तो मिशिगनमध्ये, नोव्हायला होता. पुढची चार वर्षं दर दुसऱ्या रविवारी दुपारी तो त्यांना भेटत होता. यातली पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत होती. दुसरी त्याच्या बायकोलाही नव्हती.

तसा हा माणूस कुणाच्या नजरेत न भरणारा. वय सेहेचाळीस, काम गाड्यांचे गिअरबॉक्स तपासण्याचं. मंडळाच्या गणपतीत खुर्च्या मांडायला सगळ्यांत पुढे आणि फोटोला सगळ्यांत मागे. त्याच्याविषयी वेगळं सांगावं असं एकच होतं, ते म्हणजे तो खेळायचा. क्रिकेट नाही, टेनिस नाही. टेबलाभोवती पाच-सहा मोठी माणसं बसतात, प्रत्येक जण कुणीतरी वेगळाच झालेला असतो, कुणी शिकारी, कुणी वैद्य, आणि एक जण गोष्ट चालवतो. "दार वाजतंय. उघडतोस का?" असं तो विचारतो. उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं आणि पुढचं वीस बाजूंचा फासा ठरवतो. मंडळातले लोक चेष्टा करायचे, "गुरू, या वयात भातुकली?" तो हसून खुर्च्या उचलायचा.

त्याला हा नाद लावला वेद्रानने. हा ऑफिसात त्याच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा क्रोएशियन पोरगा, जन्म इथलाच. डेट्रॉइटच्या या बाजूला क्रोएशियन लोकांनी आजोबांच्या काळात बांधलेला एक हॉल आहे. रविवारी प्रार्थना आटोपली की खाली कॉफी, आक्रोडाचा गुंडाळलेला केक आणि वरच्या मजल्यावर वेद्रानच्या मामाचं टेबल. मामाचं नाव निक्शा. सगळे त्याला 'बार्बा निक्शा' म्हणत. बार्बा म्हणजे काका, क्रोएशियातल्या बेटांवरचा शब्द. त्यामुळे गुरुनाथला तिथे अवघडल्यासारखं कधी झालंच नाही. काका म्हणायला त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

निक्शा जन्मभर साचे बनवणारा कारागीर. डाव्या हाताची दोन बोटं मशीनने नेलेली. उरलेल्या तीन बोटांत पेन्सिल धरून छत्तीस वर्षं तो एकच गोष्ट चालवत होता. समुद्रकाठचं एक गाव, पाठीशी डोंगर, डोंगरात छातीवर येऊन बसणाऱ्या हडळी, लांडगा होणारी माणसं, त्याच्या आजीने त्याला सांगितलेलं सगळं. या टेबलाचा एक नियम मात्र दुसऱ्या कुठल्याच टेबलावर नव्हता. खेळणारा खराखुरा मेला, किंवा खेळणाऱ्याचं कुणी जवळचं मेलं, की त्याला खेळातल्या वरच्या गावात घर मिळायचं. डोंगराच्या उतारावर, अंजिराच्या झाडांत. मग ज्याला वाटेल त्याने चढण चढून जायचं, दार वाजवायचं आणि निक्शाने त्या मेलेल्या माणसाच्या आवाजात बोलायचं.

आवाज म्हणजे नुसता आवाज नाही. खोकला, मध्येच थांबणं, वाक्याच्या शेवटी नाक ओढणं. म्हाताऱ्या बायका खालून कॉफीचा कप घेऊन वर यायच्या आणि भिंतीला टेकून आपल्या नवऱ्यांना ऐकत बसायच्या. ल्युबित्सा त्यातली एक. तिचा नवरा स्टिपे निक्शाचा जुना दोस्त. हॉस्पिटलमध्ये त्याचा जीव गेला तेव्हा ती गाडी हलवायला खाली गेली होती. अकरा वर्षं ती वरच्या गावात एकच प्रश्न घेऊन जात होती, "मी खोलीत नव्हते हे तुला कळलं का रे?" आणि अकरा वर्षं स्टिपे बकरीचं काहीतरी सांगायचा.

गुरुनाथचे वडील दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात गेले. कॉन्सुलेट बंद, व्हिसाचा शिक्का संपलेला, गेला असता तर परत कधी येता येईल याचा काही नेम नव्हता. लेक आन्या सहावीत होती. तीन दिवस त्याने बॅग भरली आणि रिकामी केली. चौथ्या दिवशी चुलत भावाने फोन स्मशानात धरून ठेवला आणि गुरुनाथने गॅरेजमध्ये उभं राहून ते पाहिलं. आपण जाऊ शकत नव्हतो की गेलो नाही, हे त्याचं त्यालाच कधी ठरवता आलं नाही, आणि जो सांगू शकला असता तो फोनच्या पडद्यावर जळत होता.

त्याला वडिलांकडून एक वाक्य हवं होतं. 'नाही आलास, चालतं.' एवढंच. तीन शब्द.

तो हॉलवर गेला, आणि टेबलाचा नियम होता म्हणून निक्शाने विचारलं, "त्यांना घर द्यायचं का?" गुरुनाथ हो म्हणाला. मग निक्शाने सगळं लिहून घेतलं. वासुदेवराव निखाडे, वीज मंडळात मीटर रीडर, तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात धरून बोलायचे म्हणून अर्धे शब्द गालातच राहायचे, रागावले की आवाज खाली जायचा. पुढच्या खेपेला गुरुनाथचा खेळातला नावाडी डोंगर चढून गेला, त्याने दार वाजवलं, आणि आतून गालात काहीतरी धरलेला एक खालचा आवाज म्हणाला, "कोण, गुरू? पाय पूस आधी."

इंग्रजीत, तेही बेटावरच्या हेलाने. तरी गुरुनाथ टेबलावरून उठून बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून रडला.

त्यानंतर तो चढतच राहिला. बाबा वरच्या गावात अंजिरं वाळवायचे, वाऱ्याला शिव्या द्यायचे, आन्याचे मार्क विचारायचे. गुरुनाथ त्यांना ऑफिसातलं सांगायचा, ग्रीन कार्डाचं सांगायचा, जे घरी बोलता येत नसे ते सांगायचा. दोनदा त्याने धीर करून विचारलं, "बाबा, मी आलो नाही त्याचं काय?" दोन्ही वेळा आवाज खाली गेला. "त्याचं नंतर बोलू." आणि तो पुढच्या रविवारची वाट पाहायचा. त्याला वाटायचं, बाबांचा राग अजून उतरला नाही, उतरेल. याला वेडेपणा म्हणा हवं तर. रोज गिअरबॉक्सचे आकडे तपासणारा माणूस होता तो, आणि हे सगळं खोटं आहे हे त्याला तुमच्याआमच्याइतकंच कळत होतं.

यंदा ऑगस्टमध्ये निक्शा गेला. झोपेत, कुणाला काही त्रास न देता. दफनाच्या वेळी गुरुनाथ मागच्या रांगेत उभा होता. आपले वडील दुसऱ्यांदा गेले, एवढंच त्याच्या मनात आलं. पेटीत कोण आहे याचा विचार त्याने त्या दिवशी केला नाही, हे त्याला पुढे फार लागलं.

सप्टेंबरात पितृपक्ष आला. त्याच्या बायकोने, वीणाने, वडे-खीर केली, पान वाढलं, आणि जेवताना आन्याला आजोबांचं काही सांग म्हणाली. गुरुनाथ लेकीसाठी इंग्रजीत सांगू लागला.

"आजोबा म्हणायचे, उत्तरेचा वारा सुटला की खोटं बोलू नये. तो ऐकतो आणि सगळ्या किनाऱ्यावर सांगतो."

वीणाचा चमचा थांबला. "कुठला किनारा?"

"म्हणजे?"

"गुरू, बाबा नागपूरचे. आयुष्यात त्यांनी समुद्र एकदा बघितला, आपल्या लग्नानंतर, तेही कंटाळून परत चला म्हणाले होते. हे कधी बोलले ते?"

"बोलायचे," गुरुनाथ म्हणाला, आणि त्याने वाटी बाजूला सारली. कारण तो आवाज त्याला स्पष्ट ऐकू येत होता, आणि तो इंग्रजी बोलत होता.

"Dad, did Ajoba even speak English?" आन्याने विचारलं.

तो पानावरून उठला. गॅरेजमध्ये जाऊन त्याने बाबांचा खरा आवाज आठवायचा प्रयत्न केला. 'काहून रे,' असं ते म्हणायचे. शब्द आठवत होते. पण ते शब्द म्हणणारा आवाज बेटावरचा होता. गालात खर्रा होता, पण बोलणारा निक्शा होता. फोनमध्ये शोधलं तर चुलत भावाच्या लग्नाचा एकच व्हिडिओ सापडला. त्यात बाबा तोंड हलवताना दिसतात आणि बँडच्या दणदणाटात एक अक्षर ऐकू येत नाही. त्याने तो अकरा वेळा लावला.

त्या दिवसानंतर तो आवाज त्याच्या मागेच लागला. सिग्नलला थांबला की आवाज म्हणायचा, "पाय पूस आधी." ऑफिसात मीटिंग चालू असताना म्हणायचा, "त्याचं नंतर बोलू." गुरुनाथला भीती वाटू लागली, आणि ती भुताची नव्हती. आपण आपल्या हाताने आपल्या बापाला घराबाहेर काढून तिथे दुसऱ्या कुणाला तरी आणून बसवलं, याची होती.

शेवटी त्याने वीणाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला राग यायला हवा ना? चार वर्षं यार. चार वर्षं तू जाऊन बोलत होतास आणि मला वाटायचं तू विसरलास त्यांना." तिला खरंच राग आला होता, तो तिने लपवला नाही.

"तुला आठवतो आवाज?" त्याने विचारलं.

"आठवतो. पण मी काढून नाही दाखवणार. मी काढला तर उद्या तुला माझाच ऐकू येईल."

"शेवटी काय बोलले तुझ्याशी?"

"गाडीला बर्फाचे टायर लावले का, ते विचारलं. एप्रिल महिना होता. मी म्हटलं, काढायची वेळ झाली बाबा. तर म्हणाले, बरं बरं, काढा मग. बाकी काही नाही बोलले, गुरू. मी काही लपवलेलं नाही."

ऑक्टोबरमध्ये वेद्रान एक खोकं घेऊन आला. त्यात निक्शाच्या वह्या होत्या. दोन नोव्हेंबरला त्यांच्यात मृतांचा दिवस असतो. कबरींवर लाल काचेतले दिवे लावतात, आणि निक्शाच्या टेबलावर त्याला जवळच्या रविवारी सगळे मिळून वरच्या गावात चढतात. छत्तीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. "यंदा तू चालव," वेद्रान म्हणाला. "आठ वर्षं टिपणं तूच ठेवलीस. आम्हाला गावातल्या गल्ल्याही धड आठवत नाहीत. म्हाताऱ्या बायका विचारतायत."

नको म्हणायचं त्याच्या जिभेवर होतं. पण खोक्यात बाबांचं पान असणार, हेही त्याला कळत होतं. त्याने खोकं ठेवून घेतलं.

निक्शाच्या वहीत प्रत्येक मेलेल्या माणसाला एक पान होतं. वर नाव. मग खोकला कसा, हसणं कसं, कुठला शब्द कधीच वापरत नाही. त्याखाली, 'भेटायला येणाऱ्याला काय हवं आहे'. आणि सगळ्यांत खाली, जवळजवळ प्रत्येक पानावर, तेच तीन शब्द, दोनदा अधोरेखित. अजून देऊ नको.

स्टिपेच्या पानावर लिहिलं होतं: 'ल्युबित्साला हवंय, तो तिच्यावर रागावलेला नाही. अजून देऊ नको.' आणखी मागे एक जुनं पान होतं, कुणा अंतेच्या भावाचं. तिथे लिहिलं होतं: 'दिलं. अंते त्यानंतर आला नाही. चूक झाली.' तारीख सत्त्याण्णवची.

बाबांचं पान निळ्या शाईत होतं. 'गुरूला हवंय: नाही आलास, चालतं. अजून देऊ नको. दिलं की हा पोरगा यायचा थांबेल. मी म्हातारा झालो. याला थांबू देऊ नये.'

गुरुनाथने ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा त्याला काही कळलंच नाही. दुसऱ्यांदा तो इतका संतापला की वही भिंतीवर फेकणार होता. तोंडाशी आणलेला घास या माणसाने चार वर्षं मागे ओढला होता, आणि तोही मुद्दाम, शाईने लिहून. तिसऱ्यांदा वाचताना त्याला तीन बोटांत पेन धरलेला हात दिसला आणि राग कुठे ठेवावा ते समजेना. वही तशीच उघडी ठेवून तो अंगणात पानं गोळा करायला गेला.

दोन नोव्हेंबरला रविवारच होता. टेबलावर लाल काचेचे दिवे मांडलेले, एका घराला एक. निक्शाच्या खुर्चीत गुरुनाथ बसला. खुर्ची त्याला मोठी होत होती. वेद्रान आणि बाकीचे तिघे समोर, भिंतीशी पाच बायका. त्याने गोष्ट सुरू केली. डोंगर, चढण, अंजिराची झाडं. मग एकेक दार उघडू लागलं. कुणाची आई, कुणाचा भाऊ. यातल्या एकालाही त्याने जिवंतपणी पाहिलं नव्हतं. त्याने ऐकला होता तो निक्शाने काढलेला त्यांचा आवाज, आणि तोच तो पुढे देत होता. बायका माना डोलावत होत्या.

ल्युबित्सा उठून टेबलाजवळ आली. "स्टिपे, मी खोलीत नव्हते हे तुला कळलं का रे?"

बकरीचं वाक्य गुरुनाथला पाठ होतं. ते त्याच्या ओठांवर आलं होतं. पण समोर चौऱ्याऐंशी वर्षांची बाई पर्स दोन्ही हातांत धरून उभी होती, आणि आणखी किती रविवार हिला उभं ठेवायचं, असं त्याला वाटलं.

"कळलं," स्टिपे म्हणाला. "तू गाडी हलवायला गेलीस. मी म्हटलं, बरं झालं, आता कुणी बघत नाही. तू असतीस तर मला जाताच आलं नसतं. मी रागावलो नाही, ल्युबा."

ल्युबित्साने डोळे पुसले.

"माझा स्टिपे एवढं लांब जन्मात बोलला नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण राहू दे. छान बोललास." तिने खुर्चीवरचा कोट उचलला, शांतपणे बटणं लावली, गुरुनाथच्या गालाला हात लावला आणि ती जिना उतरून गेली. अजून तीन घरं बाकी होती. सगळं संपण्याआधी ती कधीच गेली नव्हती. वेद्रानने खिडकीतून तिची गाडी जाताना पाहिली आणि परत येऊन बसला. ती आता येणार नाही हे दोघांनाही कळलं. निक्शाला माणसं बरोबर ओळखता येत होती.

"तुझ्या वडिलांचं घर राहिलं," वेद्रान म्हणाला. "नावाडी जाणार का वर? आवाज कोण देणार पण?"

"मीच देतो."

तो नावाडी झाला आणि चढून गेला. दार वाजवलं. आता आतून बाबांनी बोलायचं होतं. ते तीन शब्द आता त्याच्याच हातात होते. कुणी अडवणारं नव्हतं, वही त्याची, खुर्ची त्याची. त्याने तोंड उघडलं. गालात जीभ धरली, आवाज खाली नेला. आणि जो आवाज येणार होता तो त्याला आधीच ऐकू आला. हा माणूस आपला बाप नाही. कधीच नव्हता. आपला बाप काय म्हणाला असता हे आता जन्मात कळणार नाही. ते कळायची वेळ चार वर्षांपूर्वी मे महिन्यात निघून गेली होती, आणि तेव्हा आपण गॅरेजमध्ये होतो.

टेबलावर सगळे वाट बघत होते. त्याची नजर दिव्यांवर गेली. प्रत्येक घराला एक दिवा होता. निक्शाला मात्र नव्हता. छत्तीस वर्षं सगळ्यांच्या मेलेल्यांना घर देणाऱ्या माणसाला घर द्यायचं यांच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्याच्याही नाही.

"दार उघडतं," गुरुनाथ म्हणाला. "आत बार्बा निक्शा उभे आहेत."

वेद्रानने मान खाली घातली. भिंतीशी एका बाईने छातीवर क्रूसाची खूण केली.

"तुम्ही माझ्या वडिलांच्या घरात काय करताय?" नावाड्याने विचारलं.

"मला कुणी दिलंच नाही घर," निक्शाचा आवाज म्हणाला. तो अगदी हुबेहूब आला. "हे रिकामं होतं."

"मला जे हवं होतं ते तुमच्याजवळ होतं. तुम्ही दिलं नाहीत."

"नाही दिलं."

"का?"

"पुढच्या वेळी कुणी आलं नसतं तर? मी वर टेबलाशी एकटा बसून किती आवाजांत बोलणार होतो?" मग आवाज अगदी हळू म्हणाला, "चुकलं, पोरा. माफ करशील?"

वेद्रान रडत होता. तो वाट बघत होता, सगळेच बघत होते. नावाडी एक शब्द बोलला असता तरी म्हाताऱ्याला सुटल्यासारखं झालं असतं, आणि तो शब्द गुरुनाथच्या जिभेवर होता. त्याच्या मनात राग उरला नव्हता. त्याला निक्शाची फार आठवण येत होती. आयुष्यात त्याचं सगळं ऐकून घेणारा एकच माणूस होता, आणि तो हा होता. पण ल्युबित्साची खुर्ची रिकामी होती, आणि दिलं की काय होतं ते त्याने नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आज नाही, बार्बा," तो म्हणाला. "दोन आठवड्यांनी मी परत येतो. तेव्हा विचारा."